नेऱ्याचा भोंगा आणि मिस्त्रीचा हात

तुळशीरामने कोयता बाकड्यावर ठेवला तेव्हा त्याच्या धारेला अजून कुणाच्या तरी डोक्याचे चार केस चिकटलेले होते. प्रभाकरने ते केस पाहिले आणि हातातले तापलेले सोल्डरिंग आयर्न स्वतःच्याच मांडीवर टेकवले.

"ओरडू नको, मिस्त्री," तुळशीराम म्हणाला. "आजून मी काय केलंच नाय."

पनवेलच्या टपाल नाक्यावरच्या त्या चिंचोळ्या दुकानात टीव्ही न्यायला आलेली दोन गिऱ्हाइके होती. ती टीव्ही न घेताच निघून गेली, आणि त्यातला एक तर छत्रीही विसरला. माघ महिन्यात तो छत्री घेऊन का फिरत होता हे मात्र शेवटपर्यंत कळले नाही.

"भोंगा परत वाजला?" प्रभाकरने मांडी चोळत विचारले.

"परवा. तिसऱ्यांदा." तुळशीरामने वरचा ओठ उचलून दाखवला. पुढचे तीन दात जागेवर नव्हते. "ही भगवानची पहार. आन् ह्ये केस भगवानचे. कान सतरा टाक्यांवर भागला."

भगवान म्हणजे तुळशीरामचा सख्खा चुलतभाऊ. दोघांची घरे तीस पावलांवर, आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. जमिनी गेल्या, बंगले आले, त्या गडबडीत बांधावरचे एक आंब्याचे झाड कुणाचे हे ठरायचे राहून गेले. तेवढ्यावरून सहा वर्षे दोघांनी एकमेकांच्या घरच्या मयतालासुद्धा आपापली भिंत धरून रडणे केले होते.

आता हा भोंगा कुठून आला, ते सांगायला हवे. तुळशीरामच्या मुलीचे, हेतलचे लग्न ठरले. दागिने घरात आले. घरची माणसे दिवस उजाडला की उरल्यासुरल्या वालाच्या शेतावर, घर दिवसभर ओसाड, आणि त्या साली नेऱ्याच्या पट्ट्यात चोर यायचे ते भर दुपारी, जेवण आटोपून. म्हणून तुळशीरामने प्रभाकरला बोलावून घराला अलार्म बसवून घेतला. प्रत्येक दार-खिडकीला चुंबकाचा खटका, सगळ्या खटक्यांतून ओवलेली एकच तार, पुढच्या ओट्याच्या भिंतीत किल्लीची पेटी. तार कुठेही तुटली, पापणी लवेपर्यंत जरी सुटली, तरी पेटी खवळणार आणि गच्चीवरचा भोंगा बोंबलणार.

भोंगा साधा नव्हता. एका बुडालेल्या कारखान्याच्या भंगारातून प्रभाकरने तो उचलला होता आणि ट्रकच्या दोन बॅटऱ्यांवर चढवला होता. पहिल्या चाचणीला गावातल्या गाभण म्हशी व्याल्या. ज्या गाभण नव्हत्या त्यांनीही प्रयत्न केला. माथेरानच्या डोंगरावर आदळून त्याचा आवाज परत यायचा तो मूळ आवाजापेक्षा मोठा होऊन, आणि भगवानच्या घरातल्या ठार बहिऱ्या म्हातारीने साठ वर्षांनी पहिल्यांदा विचारले, "कोन बोल्लं?"

चोराने पेटीतून भोंग्याकडे जाणारी तारच कापली तर? तीही सोय प्रभाकरने केली होती. तार कापली की भोंगा स्वतःच्या बॅटरीवर, स्वतःच्या मर्जीने वाजत राहणार. भोवती लोखंडी पिंजरा, चारी बाजूंनी वेल्डिंग केलेला. मग पेटीच्या किल्लीचा उपयोग नाही; बंद करायचा खटका पिंजऱ्याच्या आत, आणि आत जायला एकच भोक, प्रभाकरच्या मनगटाच्या मापाचे.

"ह्यात हात घालून बंद करनार कोन?" तेव्हा तुळशीरामने विचारले होते.

"मी आहे ना, शेठ," प्रभाकर म्हणाला होता.

भोंगा वाजवणे सोपे असते. निस्तरायची असते ती गावाची रीत. दरोडेखोरांच्या काळापासून नेऱ्यात एक कायदा होता: बोंब ऐकली की घरटी एक माणूस, हातात हत्यार, अंगणात हजर. जो येणार नाही त्याच्या घरच्या हळदीला गावातले कुत्रेही फिरकणार नाही. आणि अंगणात जो परका सापडेल त्याला आधी हाणायचे, नाव मग विचारायचे.

पहिल्या वेळी सापडला हौसाचा भाऊ. हौसा म्हणजे तुळशीरामची बायको. माहेर उरणकडचे, करंज्याचे. भाऊ दयाराम दर आठवड्याला ओल्या बोंबलांची पाटी घेऊन यायचा. उन्हामुळे तोंडाला पंचा गुंडाळलेला. चाळीस जणांनी मिळून त्याचा खांदा उतरवला, आणि पंचा सुटल्यावर चाळीस जणांनी मिळून "अरं, ह्यो तर पावना!" म्हटले. दुसऱ्या वेळी जमीन मोजायला आलेला एक सरकारी माणूस. त्याची मोजणीची साखळी अजून पेरूच्या शेंड्यावर आहे. तो स्वतःही दोन तास तिथेच होता.

तिसऱ्या वेळी मात्र अंगणात परके कुणीच नव्हते. मारायला चाळीस माणसे तयार, आणि मार खायला एकही नाही. अशी वेळ फार वाईट. तुळशीराम म्हणाला, "भगवाननं तार ओढली." भगवान म्हणाला, "तुझ्या बापानं." पुढचा हिशोब दातांचा आणि टाक्यांचा.

"तर आयक," दुकानात तुळशीराम म्हणाला. "आज दिवस मावळायच्या आत मना सांगायचं, भोंगा कनाला वाजतो. मशीन खराब आसंल, तर ज्या हातानं बसवलंस त्यो उजवा हात ह्या कोयत्याखाली. मशीन चांगलं आसंल, तर मंग तार भगवान ओढतो. मंग त्याची मान. मदलं काय नाय."

प्रभाकरने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. लांब, सडपातळ बोटे. डाव्या हाताने त्याला धड चहाही पिता येत नव्हता. नोकरीची कंपनी बंद पडल्यापासून बायको, दोन पोरी आणि म्हातारे वडील असा सगळा संसार त्या पाच बोटांवर उभा होता.

"चला शेठ," तो म्हणाला. दुसरे काय म्हणणार?

*

नेऱ्याला पोचल्यावर तुळशीराम ओट्यावर मांडी घालून बसला आणि दगडावर कोयता घासू लागला. त्या आवाजाच्या तालावर प्रभाकरचे काम सुरू झाले.

त्याने किल्ली फिरवून पेटी बंद केली. झाकण उघडले, बॅटरी तपासली. ठणठणीत. पेटीतला, भोंग्याला वीज सोडणारा रिले हाताने दाबून सोडला. चोख. पुढच्या दाराचा खटका, हॉलच्या खिडक्या, जिन्याचे दार, एकेक करून मीटरची टोके लावली. सगळे जिथल्या तिथे.

"मशीन कसं हाय?" ओट्यावरून हाक आली.

"अजून तरी बरं आहे."

"मंग भगवानची मान." आणि कोयता दगडावर जरा जोरात फिरला.

"थांबा हो शेठ! अर्धी तार बाकी आहे!"

असली तपासणी जगात कुणा मिस्त्रीच्या वाट्याला आली नसेल. दोष सापडला तर आपला हात, नाही सापडला तर दुसऱ्याची मान. प्रभाकरने तारेचे मधोमध दोन भाग केले. पुढचा भाग मीटरवर शांत होता. मागचा भाग लावला आणि काटा थरथरला. थांबला. परत थरथरला, आणि एकदम शून्यावर पडला.

प्रभाकरने दोन्ही भाग परत जोडले आणि मीटर घेऊन, तारेच्या मागावर, तो मागच्या पडवीत गेला.

बसवताना तुळशीरामने नव्या टाइल्सच्या भिंतीला छिन्नी लावू दिली नव्हती. म्हणून पडवीतली तार प्रभाकरने बाहेरून, खुंटीवरून खुंटीला, ताणून नेली होती. त्या तारेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबील वाळत होते. जबड्यात जबडा अडकवलेल्या दोन-दोनच्या जोड्या, खाली शेपट्या, जशी काही वऱ्हाडी मंडळी फोटोला उभी. खाऱ्या पाण्याने मधल्या सांध्याची टेप कुजली होती आणि तांबे हिरवेगार झाले होते.

पडवीच्या कोपऱ्यात हौसा विळीवर पुढची पाटी साफ करत बसली होती.

"वहिनी," प्रभाकर म्हणाला, "ही दोरी नाहीये."

"माहीत हाय की. दोरी लोंबते. ही लोंबत नाय. म्हनून तर."

तेवढ्यात एक कावळा तारेवर येऊन बसला. सांधा वाकला, मीटरचा काटा पडला. कावळ्याने बोंबील उचलला, उडाला, आणि काटा वर आला. सगळा गुन्हा डोळ्यांदेखत.

"ह्यामुळे भोंगा वाजतो, वहिनी. तिन्ही वेळा. कावळा बसतो, सांधा सुटतो."

हौसाचा हात थांबला. "म्हंजे माझ्या दयारामाचा खांदा..."

"हो."

"आन् भगवान भावजींचा कान. आन् मालकांचं दात."

"मोजणीवाला राहिला."

तिने हातातला बोंबील आधी साफ करून पाटीत टाकला. मग उठली, विळी पाटासकट उचलली आणि तिची माशाच्या रक्ताने ओली धार प्रभाकरच्या गळ्याच्या घाटीखाली टेकवली. गावात तुळशीरामला चाळीस माणसे भीत. तुळशीराम भीत असे तो फक्त या बाईला, आणि ते उगाच नव्हे.

"धा दिवसांवर हेतलची हळद हाय," ती अगदी हळू म्हणाली. "जिच्या बोंबलांनी गाव फोडला तिच्या मांडवात कोन येईल? बोंबलाचं नाव काढलंस तर हात रायला बाजूला, मान मी घेईन."

"मग सांगू काय?"

"मशीन खराब सांग."

"माझा हात जातो, वहिनी! पोरी आहेत मला!"

"मंग..." हौसाने इकडेतिकडे पाहिले. "मंग भगवान भावजींचं नाव घे." म्हणाली आणि तिचे तिलाच ते ऐकवले नाही; विळी गळ्यावर थरथरू लागली, त्यामुळे प्रभाकरचे जास्तच हाल झाले.

"मिस्त्री!" ओट्यावरून गर्जना. "गावला काय?"

प्रभाकर पुढे आला. गळ्यावरून रक्ताचा बारीक ओघळ सदऱ्यात उतरत होता. समोर कोयता, मागे विळी. त्याने उजवा हात पाठीमागे लपवला आणि तोंडातून जे आले ते येऊ दिले.

"तार... ओढलेली आहे, शेठ."

नाव तर आपण घेतले नाही ना, असे तो मनाशी म्हणेपर्यंत तुळशीराम अंगण ओलांडून गेलासुद्धा.

भगवान आपल्या ओट्यावर, कानाला पांढरी पट्टी बांधून, जेवायला बसला होता. पहिला घाव खांबात घुसला. दुसऱ्याला भगवानने डावा हात आडवा घातला, आणि मनगटापासून कोपरापर्यंत तो हात फणस चिरावा तसा उभा उघडला. ताटातला भात लाल झाला. भगवानने उजव्या हाताने उंबऱ्याशी उभी केलेली पहार उचलली आणि तुळशीरामच्या बरगड्यांत घातली. वाळका बांबू पायाखाली मोडावा असा आवाज तीस पावलांवर ऐकू आला.

प्रभाकर उभा होता. फाटक उघडे होते. पनवेलचा रस्ता दिसत होता, रिक्षासुद्धा दिसत होती. हात शाबूत होता, पाची बोटे जागच्या जागी. तुळशीरामने तिसरा घाव उचलला. तो मानेसाठी होता, आणि ती मान प्रभाकरने दिली होती.

दोघांना आवरणे एकट्याच्या बापाच्याने होणार नव्हते. गाव लागणार होता. प्रभाकरने पेटीची किल्ली फिरवली आणि तार हिसडली.

भोंगा फुटला. त्या दणक्याने तुळशीरामचा घाव हुकला आणि भगवानच्या ताटाचे दोन तुकडे झाले. आणि गाव आला. घरटी एक माणूस, हातात हत्यार. गाव आवरायला येईल अशी प्रभाकरची समजूत होती. ती चूक होती. वीस जण तुळशीरामच्या बाजूने उतरले, वीस भगवानच्या.

असे युद्ध कुणी पाहिले नसेल, कारण ते मुके होते. भोंग्यापुढे कुणाचाच आवाज कुणाला ऐकू येत नव्हता. तोंडे उघडत होती, शिव्या जात होत्या, पण पोचत नव्हत्या. म्हणून प्रत्येक शिवीबरोबर एक काठी पाठवावी लागत होती. डोकी नारळासारखी फुटत होती. एकाने पाटा उचलून आणला होता, दुसऱ्याने वरवंटा, आणि दोघे विरुद्ध बाजूंचे निघाले. भगवानच्या म्हातारीने गॅलरीतून कढत आंबील दोन्ही पक्षांवर सारख्या मापाने ओतली. कुणाचे तरी तुटलेले दात अंगणभर पडले, ते कोंबड्या मक्याचे दाणे समजून टिपू लागल्या.

"थांबा! कुणी ओढलेली नाही!" प्रभाकर ओट्यावरून बेंबीच्या देठापासून ओरडत होता. स्वतःचे त्यालाच ऐकू येत नव्हते. कुणाची तरी काठी त्याच्या कमरेत बसली, दुसरी पाठीत. शेवटी त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने ओरडता ओरडताच किल्ली बंद केली.

गप्प झालेल्या अंगणात एकच शब्द पडला. "बोंबील!"

उगारलेल्या काठ्या वरच राहिल्या.

"काय बोंबील?" भगवानने फाटका हात छातीशी धरून विचारले.

प्रभाकरने पडवीतली तार खुंट्यांवरून बोंबलांसकट उतरवून ओट्यावर ओढत आणली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि किल्ली फिरवली. बोंबलाची एक जोडी धरून खाली ओढली. भोंगा. किल्ली बंद. परत जोडून परत ओढली. भोंगा. तिसऱ्यांदा करायची गरज पडली नाही. चाळीस जणांनी आपापल्या रक्ताकडे पाहिले, मग तारेवरच्या त्या ओळीने लटकलेल्या मंडळींकडे.

हौसा पडवीच्या दारात आली. पदर तोंडाला होता, तो तिने काढला. "खरं हाय," ती म्हणाली. "माझंच बोंबील. हळदीला यायचं नसंल तर नका येऊ. पन भावजींनी तार ओढली नाय."

तुळशीराम बरगड्या धरून ओट्याच्या पायऱ्या चढू लागला.

"मंग मगाशी ओढली बोल्लास, त्ये?"

पळता आले असते. प्रभाकर पळाला नाही, हात पेटीवर तसाच ठेवून म्हणाला, "खोटं बोललो, शेठ. हात वाचवायला."

"तुझ्या हातापायी मी माझ्या भावाचा हात फाडला." आणि कोयता खाली आला.

भ्यालेल्या हाताला जी अक्कल असते ती डोक्याला नसते. हात आपणहून मागे आला, पण सगळा नाही. करंगळीचे पहिले पेर पेटीच्या कडेवर राहिले, तिथून टुणकन अंगणात पडले, आणि एक तांबडी कोंबडी ते घेऊन भगवानच्या गोठ्यात पळाली. कोयता थांबला नाही. पेटीत घुसून त्याने आतल्या सगळ्या तारा कापल्या.

तार कापली की भोंगा स्वतःच्या मर्जीने वाजणार. वाजला.

पाच मिनिटे झाली, दहा झाली. चार जण गच्चीवर जाऊन पिंजऱ्यावर पहारी घालू लागले; पहारी वाकल्या. भगवानने भोकात उजवा हात घातला तो मनगटाशी अडकला आणि दोघांनी पाय लावून ओढला तेव्हा सालीशिवाय बाहेर आला. गच्चीवरून आता दुसरेच काही दिसू लागले होते. आजूबाजूच्या तीन गावांच्या वाटांवर धूळ उठली होती. धुळीत कोयते चमकत होते. एवढा वेळ भोंगा वाजतोय म्हणजे नेऱ्यावर दरोडाच, अशी त्यांची खात्री होती. त्या गावांतही हीच रीत, आणि तिथल्या माणसांना नेऱ्यातले सगळेच परके.

तुळशीराम खाली धावत आला. प्रभाकर ओट्यावर बसून रुमालात करंगळी दाबत होता. तुळशीरामने कोयता फेकला, वाकला आणि त्याला लग्नातल्या नवरदेवासारखा खांद्यावर घेतला. मोडक्या बरगड्यांनी जिना चढताना तो काय म्हणत होता ते भोंग्यात ऐकू आले नाही. ओठांवरून ते "मिस्त्री, हात" एवढेच वाटत होते.

प्रभाकरने हात भोकात घातला. रक्ताने तो चांगला निसरडा झाला होता. खटका सापडला. निसटला. परत सापडला. चाळीस माणसे त्या एका मनगटाकडे पाहत होती, आणि पहिल्या गावाची पहिली रांग फाटकात शिरत होती.

खट्.

शांतता एवढी मोठी होती की दोन जण तिच्यानेच खाली बसले.

"चोर कुटं हाय?" फाटकातून आवाज आला.

"चोर नाय," तुळशीराम वरून म्हणाला. "दुरुस्ती चालली व्हती."

उन्हातून दोन कोस हत्यारे घेऊन पळत आलेल्या माणसांना हे ऐकवावे कसे? त्यांनी अंगणात उभ्या असलेल्या तुळशीरामच्या जीपच्या सगळ्या काचा फोडल्या, बोनेट पाट्यावर वाटावे तसे वाटले, पाणी प्यायले आणि परत गेले. माणसाला मात्र कुणाला हात लावला नाही, एवढी त्यांची सभ्यता.

त्याच बिनकाचांच्या जीपमधून तिघे पनवेलला डॉक्टरकडे आले. भगवानचा हात लुगड्यात, तुळशीराम एका कुशीवर वाकलेला, मधे प्रभाकर. दवाखान्यातल्या दोन रुग्णांनी यांना पाहिले आणि आपल्याला बरे वाटतेय म्हणून घरी गेले.

"आधी कोण?" डॉक्टरांनी विचारले.

"आधी मिस्त्रीचा हात बगा," तुळशीराम म्हणाला. "त्याचं पोट हाय त्यावर. आमी दोघं काय, घरचेच."

"घरचेच?" भगवान उसळला. "सहा वर्सांनी आज घरचा झालो व्हय? माझं हाड दिसतंय इथं! माझा कनाला आधी नाय?"

"मी मोठा हाय, मी सांगतो."

"कोन मोठा? आठ दिसांनी?"

"आठ दिस म्हंजे मोठाच ना रं?"

भगवानने सोललेल्या उजव्या हाताने सलाइनचा लोखंडी खांब उपटला. तुळशीरामने स्टूल उचलले. डॉक्टर टेबलाखाली गेले.

प्रभाकरने साडेचार बोटांचा हात काखेत घट्ट धरला, दुसऱ्या हाताने कपाटावरची कापसाची गुंडाळी उचलली, आणि खांब स्टुलावर आदळायच्या आत रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागला.